गळ्यातलं मंगळसूत्र

जळगाव, शनिवार, दिवेलागण

आज सोन्याच्या दुकानातल्या नोकरीचा शेवटचा दिवस. परवा धुळ्याला जायचं, सिस्टरांच्या मठात, कायमचं. आणि आजच जोसेफनं यावं? दोन वर्षांपूर्वी मी त्याला लग्नाला नाही म्हटलं. खोट त्याच्यात नव्हती, मला प्रभूकडेच जायचं होतं. आज तो होणाऱ्या बायकोला घेऊन मंगळसूत्र घ्यायला आला. या गावात काय दुसरी दुकानं नाहीत? मुद्दाम आला का? नसेल. तसा नाही तो.

मुलगी दोंडाईच्याची, मनमोकळी. म्हणाली, "ताई, तुम्हीच घालून दाखवा ना." आमचं ते रोजचंच काम. घातलं. काळे मणी गळ्याला गार लागले.

"छान दिसतंय. तुमचं लग्न झालंय का, ताई?"

मी बोलायच्या आत जोसेफच म्हणाला, "त्या मठात जाणार आहेत."

त्या. जाणार आहेत. पूर्वी मला अगं-तुगं करायचा.

त्यांनी दुसरं पसंत केलं. ते गेले तरी हे माझ्या गळ्यात तसंच, काढावंसंच वाटेना. शेवटी काढून पेटीत ठेवलं. प्रभूला हो म्हटलं की ही ओढ आपोआप जाईल, असं वाटलं होतं. गेलेली नाही. आत्ता घरी प्रार्थनेला बसले, तर मोकळ्या गळ्याशीही तेच गार मणी असल्यासारखे.

भाकरी थापता थापता आईनं विचारलं, "तठे तुनं मन लागी ना, बेटा?"

"लागी, माय."

तिथं मन नाही लागलं तरी मी जाणार आहे. एवढं मात्र तिला सांगता आलं नाही.