साडी गार्ड

आई, मी मोटरसायकल घेतली. दोन महिने होऊन गेले. तू गेल्यापासून हा शब्द आपल्या घरात कुणी मोठ्याने उच्चारला नव्हता, म्हणून तुला सांगायलाही एवढा वेळ लागला. खाली सोसायटीतली पोरं रविवारी बाइक धुवायला काढायची, तेव्हा बाबा गॅलरीचं दार लावून घ्यायचे. उन्हाळ्यातसुद्धा. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. तू गेलीस तेव्हा मी अकराची होते, आता बेचाळीस आहे. तुझ्यापेक्षा वयाने मोठी झाले आहे मी, आणि ते अजून मला नीटसं जमत नाही. आरशात केस विंचरताना कधी कधी वाटतं, की आता तूच मला ताई म्हणशील.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. वर्तकनगरला एक आजोबा आहेत, त्यांची उजवी बाजू गेलेली आहे. माजिवड्याला एक बाई आहेत, दोन्ही गुडघे बदललेल्या. आजोबांचा हात वर नेला की ते मला रोज नव्याने माझं गाव विचारतात. असे माझे पेशंट ठाण्यात विखुरलेले आणि आपलं घर डोंबिवलीत. लोकल, मग रिक्षा, मग दुसरी रिक्षा, यातच निम्मा दिवस जायचा. मग खाडीवर माणकोलीचा पूल झाला. तुझ्या वेळी मोठागावच्या रेतीबंदराला रस्ता संपायचा, पुढे नुसतं पाणी आणि खारफुटी. आता तिथूनच वर चढायचं, खाडी ओलांडायची आणि थोड्या वेळात माजिवडा. फक्त त्या पुलावरून जायला स्वतःचं वाहन हवं. माझ्याबरोबरच्या एका डॉक्टर बाईने मैदानात नेऊन मला शिकवलं, मी लायसन्स काढलं, आणि एका रात्री जेवताना बाबांना सांगून टाकलं.

त्यांचा घास हातातच राहिला. "रिक्षावाला ठरव एखादा," ते म्हणाले.

"ठरवून बघितला, बाबा. वेळेवर येत नाहीत."

"मग ठाण्याचे पेशंट सोड."

 ते उठले, ताट धुतलं आणि आत जाऊन पडले. पुढचे काही दिवस आमच्यात भाजीत मीठ कमी आहे, दूधवाला आला होता, एवढंच बोलणं झालं. शनिवारी मी शोरूमला जायला निघाले तर ते बूट घालून दाराशी उभे. "मी येतो," म्हणाले. का, ते सांगितलं नाही.

वाटेत रिक्षात मला आपलं ते जुनं स्वयंपाकघर आठवत होतं. रविवारची संध्याकाळ आहे, तू शेवटची पोळी तव्यावरून काढतेस, खालून बाबा हॉर्न देतात, आणि तू खिडकीतून ओरडतेस, "अहो, स्टार्ट करा, आलेच!" मी पुढे टाकीवर, तू मागे, एक हात बाबांच्या खांद्यावर. कल्याणला दुर्गाडीच्या पायथ्याशी खाडीवर जायचं, शेंगदाणे खायचे आणि परत यायचं. परतताना तू बाबांच्या पाठीत बोट टोचायचीस. "जरा लांबून घ्या ना. घरी जाऊन काय करायचंय?" एकदा उतरताना माझी पोटरी सायलेन्सरला लागली आणि मी भोकाड पसरलं. तू आधी पाणी ओतलंस आणि मग रागावलीस. "गाडीवर बसायचं तर गाडी ओळखायला शिकायचं. कुठे तापतं, कुठे फिरतं, सगळं बघून ठेवायचं. नुसतं रडून काय होणार?" तो डाग अजून आहे. फिकट झालाय.

शोरूम माजिवड्याच्या पुढे हायवेला लागून आहे. आत गेल्या गेल्या एक तरतरीत सेल्समन पुढे आला. "मॅडम, स्कूटर त्या साइडला."

"बाइक बघायचीय."

"मिस्टरांसाठी?"

"माझ्यासाठी."

तो ओशाळला, पण मग मनापासून दाखवायला लागला. पहिली दाखवली ती दणकट, जुन्या धाटणीची, जिचा आवाज माणसाच्या आधी पोचतो तसली. दिसायला राजबिंडी. मी बसले, स्टँडवरून सरळ करायला गेले आणि ती माझ्यासकट डावीकडे कलायला लागली. त्याने पटकन हँडल धरलं म्हणून बरं. रोज ट्रकांच्या रांगेतून ही रेटायची तर संध्याकाळी माझ्याकडूनच कुणाला तरी व्यायाम करून घ्यावा लागला असता. दुसरी अगदी स्पोर्टी होती. तिच्यावर माझे नुसते चवडे टेकत होते, आणि मागची सीट म्हणजे उतरत्या कौलावर ठेवलेली उशी. "यावर मागचा माणूस बसतो कसा?" मी विचारलं. "चिकटून बसतात, मॅडम," तो म्हणाला आणि बाबांकडे नजर जाताच गप्प झाला. तिसरी साधी होती, एकशे पंचवीसची. दोन्ही पाय पुरते जमिनीला लागले. क्लच हलका. मी तो पुन्हा पुन्हा दाबून बघितला, कारण दिवसभर दुसऱ्यांचे हातपाय उचलून माझं मनगट आधीच दमलेलं असतं. सीट लांब आणि सपाट, मागे धरायला दांडा. "रोजचं जाणं-येणं आणि सुट्टीला कधी टिटवाळा, कधी बदलापूर," सेल्समन म्हणाला, "एवढ्याला ही एकदम बरोबर आहे, मॅडम. पहिली गाडी अशीच घ्यावी, जी तुमचं ऐकते." मी म्हटलं, हीच.

इतका वेळ बाबा काचेजवळ उभे राहून हायवेकडे बघत होते. सेल्समन कागद आणायला वळला आणि जाता जाता म्हणाला, "मॅडम, हे साडी गार्ड काढूनच देतो ना? तुम्ही काय, पँट घालणाऱ्या. काढलं की लुक एकदम क्लीन येतो."

मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला असते ती जाळी. मी हो-नाही म्हणायच्या आत बाबा जवळ आले.

"काढायचं नाही."

"काका, सगळेच काढतात. नंतर खडखड वाजतं ते."

"वाजतं," बाबा म्हणाले. "माझ्याही गाडीचं वाजायचं. वेल्डिंग सुटलं होतं. शनिवारी मीच काढून ठेवलं, म्हटलं सोमवारी करून आणू. रविवारी आम्हाला शिळफाट्याकडे बारशाला जायचं होतं. बायको म्हणाली, मी पदर खोचून बसते. मी किक मारली. खोचलाय की नाही, वळून बघितलं नाही."

ते अगदी साध्या आवाजात बोलले, बँकेत काउंटरवर बोलावं तसं. सेल्समनचा हात गाडीच्या सीटवर होता तो तसाच राहिला. त्या दिवशी मी घरीच राहिले होते; मला एवढंच ठाऊक होतं की पदर चाकात गेला. घरी आलेल्या बायका तेवढंच बोलायच्या. मी कधी रस्त्याला दोष दिला, कधी त्या पदराला, आणि खरं सांगते आई, कधी तुलाही. मला सगळं बघून ठेवायला सांगून तू स्वतः कसं बघितलं नाहीस, म्हणून. ती जाळी त्या दिवशी तिथे नव्हतीच, हे मी त्या चकचकीत शोरूममध्ये पहिल्यांदा ऐकत होते.

"तेव्हा ते राहू दे," बाबा म्हणाले.

सेल्समन आत गेला, स्वतः पाना घेऊन आला आणि खाली बसून त्याने गार्डचे बोल्ट आवळले. "काका, हलवून बघा." बाबा गुडघ्यावर हात ठेवून वाकले. हलवून बघितलं. मग मान हलवली.

बाहेर आल्यावर आम्ही टपरीवर चहा घेतला. तुमची चूक नव्हती, असं मला म्हणायचं होतं. पेशंटच्या घरच्यांना मी हे नेहमी म्हणते, तोंडात बसलंय. पण बाबांना म्हणता येईना. ते पूर्ण खरं नव्हतं आणि त्यांना ते कळलं असतं. मी म्हटलं, "आईला गाडीवर बसायला फार आवडायचं."

ते ग्लासात बघत राहिले.

"दुर्गाडीहून येताना तुमच्या पाठीत बोट टोचायची. लांबून घ्या म्हणायची."

"तुला आठवतं?"

"टाकीवर बसलेली असायचे ना मी."

त्यांनी ग्लास बाकावर ठेवला. मग म्हणाले, "मला तिचं फक्त तेवढंच दिसतं गं. रस्त्यावरचं. मागचं काही येतच नाही." आणि थोड्या वेळाने, "अजून काय म्हणायची?"

माझ्याकडे होतं ते मी सगळं दिलं. पोळी, खिडकी, शेंगदाणे, माझी भाजलेली पोटरी. चहा निवायच्या आतच संपलं, आई. फारच थोडं आहे माझ्याकडे.

गाडी घरी आली. बाबा रोज सकाळी खाली उतरून ती पुसतात, टायरवर अंगठा दाबून हवा बघतात, आणि मी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत गॅलरीत उभे असतात. आता ते दार उघडं असतं. पण बसायचं नाव काढलं नव्हतं. मागच्या रविवारी सकाळी ते एक नवं हेल्मेट घेऊन समोर आले. कधी आणलं, मला पत्ता नाही. "मला शिळफाट्याकडे ने," म्हणाले.

त्यांचा गुडघा पुरता वाकत नाही. पाय कसा टाकायचा, वजन कुठे द्यायचं, ते मी त्यांना पेशंटसारखं शिकवलं. मागचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी पकडला होता. तो रस्ता तू ओळखणार नाहीस. मधोमध मेट्रोचे खांब, दोन्हीकडे टॉवर, पत्र्याची कुंपणं, धूळ. बाबा मागून सांगत होते, "हळू. इथे एक वड होता. मग मोरी. मोरीनंतर शेत." वड नव्हता. मोरी नव्हती. आम्ही फाट्यापर्यंत गेलो, वळून परत आलो, पुन्हा गेलो. एका जागी ते म्हणाले, "थांब. इथेच." मी गाडी कडेला घेतली. ते उतरले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही. इथे नाही." शेजारून डंपर जात होते. हेल्मेट काखेत धरून ते त्या खांबांकडे बघत राहिले.

"इतकी वर्षं हा रस्ता टाळला मी," ते म्हणाले. "उगाच."

मग चष्मा पुसला. "चल. ऊन वाढतंय."

परतताना मानपाड्याजवळ एक गतिरोधक लागला. तिथे त्यांचा हात दांड्यावरून सुटून माझ्या खांद्यावर आला आणि घरापर्यंत तिथेच राहिला.

आज पुन्हा रविवार. बाबा आत झोपलेत. ते उठायच्या आत हे कागद मी आवरून ठेवीन, त्यांच्या हाती लागू देणार नाही. कारण एक गोष्ट राहिली आहे. सगळ्यांना मी सांगितलं, गाडी कामासाठी घेतली. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. सकाळी पूल मोकळा असतो तेव्हा मी वेग वाढवते. खाडीचा वारा बाह्यांतून आत शिरतो, आणि मला इतका आनंद होतो की हेल्मेटच्या आत मी एकटीच हसत असते. तू जसल्या गाडीवरून पडून गेलीस, तसल्याच गाडीवर बसून. बाबांना हे मी कधीच सांगू शकणार नाही.