फ्रीजमधला नंदी

गंगाखेड,
गणपती उठल्यानंतरचा पहिला रविवार

चि. सौ. अनूस वहिनीचा शरणार्थ आणि भरपूर आशीर्वाद. (आशीर्वाद मनापासून आहेत. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेव, कारण मधे थांबून आठवण करून द्यायला मला सवड होणार नाही.)

इकडे सगळे बरे आहेत. अप्पांचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात आणि उतरताना शिव्या देतात. आईंची साखर रिपोर्टात जास्त आणि त्यांच्या स्वतःच्या मते कमी आहे. मी ठणठणीत आहे. हे कुणी विचारलेलं नाही, पण पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुमची खुशाली फोनवर कळतेच, मग पत्राचा खटाटोप कशाला, असं तुला वाटेल. तर ज्या माणसाविषयी मला बोलायचं आहे तो माणूस फोनच्या वेळी बरोबर माझ्या शेजारी बसून मोगरीनं ठोकत असतो. मागच्या रविवारी तू विचारलंस ना, वहिनी, घराचं बांधकाम काढलंय का? बांधकाम नाही. तुझे दादा छंद जोपासतायत. आणि तो छंद तू कुरिअरनं पाठवलेला आहेस.

पुण्यात राहिलं की माणसाला छंद सुचतात, हे मला मान्य आहे. तिकडे बायका मातीची भांडी करतात, पुरुष घरी पाव भाजतात, आणि दोघं मिळून त्याचे फोटो काढतात. पण आपल्या घराचा जरा विचार करायचा होतास. ज्या घरात अंड्याचा केक आला म्हणून आईंनी एकदा ओटा तीन वेळा धुतला, जिथं अप्पा अजून चामडी पट्ट्याऐवजी नाडी बांधतात, त्या घरात तू दादाच्या वाढदिवसाला चामड्यावर नक्षी कोरायच्या हत्यारांचा डबा पाठवलास, सोबत परातीएवढं चामडं, आणि वर चिठ्ठी: ‘हाताला व्यायाम होईल.’

व्यायामाचं मला शिकवू नकोस. माघात ह्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून त्या उजव्या हाताशिवाय मी दुसरं काही बघितलेलं नाही. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला होता. तुझ्या दादांनी तो चार दिवस दाबला आणि पाचव्या दिवशी, मी काय लहान लेकरू आहे का, म्हणून खिडकीतून टाकला. (टाकला डाव्या हातानं. उजव्यानं टाकता आला असता तर मीच टाळ्या वाजवल्या असत्या.) चैत्रात हे परत आपल्या कापडाच्या दुकानात गेले. तुला आठवतं ना, हे कापड कसे कापायचे? कात्री अर्धी उघडी धरायची आणि सर्रकन सरळ सरकवायची, अडीच मीटरात एकदाही मिटायची नाही. गिऱ्हाइकं कापडापेक्षा ते बघायला थांबायची. त्या दिवशी वालूरच्या एका बाईंचं कापड कापताना कात्री मधेच वळली आणि विळ्यासारखी फिरली. त्या बाई चांगल्या होत्या. असू द्या भाऊ, म्हणाल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. त्या ‘असू द्या’नंतर ह्यांनी कात्री खिळ्याला टांगली, ती अजून तिथंच आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अप्पा उभं राहून दातांनी काठ तोडतात आणि कापड फाडून देतात, आणि जे फाटत नाही ते कापड ‘संपलं’ म्हणून सांगतात. तुझे दादा गल्ल्यामागं बसून पंख्याकडं बघतात.

अशा माणसाच्या हातात तू धारदार चाकू दिलास.

त्या चाकूचं पातं खाली गरगर फिरतं. वर पहिलं बोट दाबून ठेवायचं आणि अंगठा आणि मधल्या बोटानं दांडा फिरवायचा. हे मोबाइलवर एक दाढीवाले अमेरिकन गृहस्थ शिकवतात. ते बोलतात ते ह्यांना निम्मं कळतं, मला अजिबात कळत नाही, पण त्यांचा गुलाब सात मिनिटांत फुलतो. आपला गुलाब फुलायला नऊ दिवस लागले आणि फुलला तो पत्ताकोबी म्हणून. मी तसं बोलले. (माझी चूक. त्या रात्री जेवणात कोबीच होती, त्यामुळं मी ठरवून केलं असा समज झाला.) ठोकायला खाली दगड लागतो, असं दाढीवाल्यांनी सांगितलं, म्हणून ह्यांनी माझा पाटा उचलून माळवदावरच्या पत्र्याच्या खोलीत नेला. ज्या पाट्यावर मी कारळाची चटणी वाटते त्या पाट्यावर ढोराचं कातडं! मी पाटा दोनदा राखेनं घासला आणि मग तो त्यांनाच देऊन टाकला. सध्या घरात चटणी मिक्सरमधली आहे आणि चव कुठं गेली म्हणून तेच मला विचारतात.

आईंनी पहिल्याच दिवशी कायदा केला: चामडं पत्र्याच्या खोलीतून खाली येणार नाही, आणि ते हाताळल्यावर आंघोळ केल्याशिवाय कुणी देवघराच्या उंबऱ्याशी फिरकणार नाही. ह्यांनी समजावलं की हे तसलं नाही, हे बाभळीच्या सालीत कमावलेलं आहे. आईंनी विचारलं, “मग म्हशीनं काय बाभळीला जन्म दिला होता का?” तेव्हापासून तुझे दादा दिवसातून चार वेळा आंघोळ करायलेत आणि गंगाखेडात पाणी तिसऱ्या दिवशी येतं, हे मी तुला सांगायला नको.

दाढीवाल्यांनी जमेना तेव्हा ह्यांनी लिंबाजींना गाठलं. बसस्टँडसमोर चाळीस वर्षं चपला शिवतात तेच, तुझ्या शाळेच्या बुटांना त्यांनी किती वेळा टाके घातले असतील. तुझे दादा तिथं पत्ताकोबी घेऊन गेले, मी मागं पिशवी घेऊन. लिंबाजींनी चामडं वाकवलं, वास घेतला, उन्हात धरलं आणि परभणीच्या गाडीची वाट बघणाऱ्या निम्म्या लोकांना ऐकू जाईल असं विचारलं, “शेठ, हे चामडं हाय का पापड?” ओलं करून लगेच कापायचं नसतं म्हणे. ओलं करायचं, थांबायचं, परत पहिल्या रंगावर आलं की गालाला लावायचं. गालाला गार लागलं पण हाताला पाणी लागलं नाही, की ते तयार. (दाढीवाल्यांनी ह्यासाठी एक यंत्र दाखवलं होतं.) मग ह्यांना चामडं कापायची त्यांची रापी देऊन एक रेघ मारायला लावली. रेघ मधेच पळाली. लिंबाजी म्हणाले, “तुमी चामड्याला भ्यायलाव शेठ. ते मेलेलं हाय. जित्ते तुमी हाव.”

हसू नकोस. मी हसले होते. घरी येईपर्यंत मात्र तेच वाक्य डोक्यात वाजत होतं.

त्यानंतर जे सुरू झालं ते असं की रोज दुपारी तुझे दादा पत्र्याच्या खोलीत चामड्याला गाल लावून डोळे मिटून बसायला लागले. आईंना वाटलं, झटका डोक्यात चढला. आणि त्यात श्रावण लागला. आपल्याकडचा श्रावण म्हणजे तुला माहीत आहे, आई आधी लिंगपूजा करतात, मग श्वास घेतात. ह्यांनी अप्पांसाठी नंदी कोरायला घेतला होता. नंदी मोठा, रोज थोडा थोडा होणार, आणि दाढीवाल्यांनी सांगितलं की काम अर्धं राहिलं तर चामडं वाळू द्यायचं नाही, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायचं. अमेरिकेत फ्रीजमध्ये काय काय असतं देव जाणे, तिथं चालत असेल. इथं फ्रीजमध्ये सोमवारचा बेल असतो, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. आणि दोन्ही फडकी आपल्याच दुकानातल्या एकाच ताग्याची, पांढरी, निळ्या काठाची.

तिसरा सोमवार. आईंची आंघोळ झालेली, केस ओले, तोंडात मंत्र, त्यामुळं कुणाशी बोलायचं नाही. त्यांनी फ्रीज उघडला, पुडकं घेतलं, देवघरात गेल्या, गळ्यातलं लिंग सोडून डाव्या तळव्यावर घेतलं, आणि उजव्या हातानं फडकं सोडलं.

मंत्र मधेच थांबला. मी जाऊन बघते तर आई तशाच बसलेल्या, एका हातात लिंग, समोर पाटावर चामडं. आणि त्यांनी मला विचारलं ते अगदी हळू, “हा नंदी हाय का गं?” तो नंदी आहे हे घरात आजवर कुणालाही ओळखता आलं नव्हतं. अप्पांनी रेडा म्हटलं होतं, मी शेळी.

पण ओळख पटली म्हणून माफी नसते. आईंनी लिंग परत गळ्यात बांधलं, पाणी सोडलं आणि जाहीर केलं की घर बाटलं, आता मठाचे स्वामी येऊन सांगतील तेच. स्वामी त्या दिवशी जेवायला येणारच होते. तोवर चूल बंद. तुझे दादा अंगणात उभे, शिक्षा झाल्यासारखे, उजवा हात डाव्या हातात धरून. हे त्यांचं झटक्यानंतरचं उभं राहणं मला मुळीच आवडत नाही. चोरी केलेली वस्तू लपवावी तसा तो हात लपवतात.

स्वामी आले, पाय धुतले, सगळी हकिगत ऐकली. मला वाटलं आता पंचगव्य, होम, आणि फ्रीज विका. स्वामींनी नंदी मागवून घेतला. उलटा केला, सुलटा केला, शिंगाच्या रेघेवरून बोट फिरवलं. रेघ उजव्या हाताची का, विचारलं. हे हो म्हणाले. मग स्वामी आईंना म्हणाले, चपला शिवणारे शरणसंतही आपल्यातच होऊन गेले, त्यांच्या गोष्टी तुम्हीच लेकरांना सांगितल्या ना. आई म्हणाल्या, सांगितल्या, पण त्यांनी ते फ्रीजमध्ये नव्हतं ठेवलं. (सासूबाईंचा मला अभिमान वाटला असे प्रसंग मोजकेच, त्यातला हा.) स्वामी हसले नाहीत. म्हणाले, “भागम्मा, लिंग डाव्या हातावर धरता येतं. बेल वाहायला उजवा लागतो. तो यायलाय, येऊ द्या.”

आई उठल्या आणि चूल पेटवली. जेवताना स्वामींनी विचारलं, माझ्या झोळीला पट्टा होईल का? (म्हणजे बघ, निवाडा देणारेही फुकट देत नाहीत.)

आता पत्र्याच्या खोलीतलं सगळं खाली ओसरीवर आलंय. फ्रीजचा खालचा कप्पा ह्यांचा. येणारा जाणारा थांबतो, सल्ला देतो. सोनार सांगतो असं धर, डॉक्टर सांगतात तसं धर, आणि सगळ्यांत जास्त सल्ले अप्पा देतात, ज्यांनी आयुष्यात पापडावरसुद्धा रेघ मारली नाही. नंदी पूर्ण झालाय. अजूनही शेळीच आहे, पण आता गाभण दिसते. अप्पांनी तो दुकानात गादीच्या वर टांगलाय आणि गिऱ्हाइकानं विचारायच्या आत सांगतात, नंदी आहे.

चामड्यावर एकदा रेघ मारली की पुसता येत नाही, हे मला आधी फार भयंकर वाटायचं. कागद असता तर खोडून टाकला असता. आता ह्यांनी आजवर कोरलेले चार तुकडे ओळीनं बघितले की दिसतं, पहिल्यावर रेघ कुठं पळाली, तिसऱ्यावर कुठं पळता पळता थांबली. हे मी त्यांना सांगणार नाही. डोक्यावर चढतील.

तर मुद्दा असा. माझा पाटा गेला, बेलाची जागा गेली, घरभर बाभळीचा वास आहे आणि ठकठक ऐकून माझं डोकं उठलंय. दसऱ्याला तू येच, आणि जाताना तुझा तो डबा उचलून पुण्याला परत घेऊन जा. ह्यात मी काही ऐकणार नाही.

जावईबापूंना नमस्कार. स्वतःला जप.

तुझी,
राजेश्रीवहिनी

ता. क. जाताना डबा नेणं जमलं नाही तर राहू दे. पण येताना त्याच दुकानातून तसल्याच चामड्याचे दोन लांब तुकडे आण. झोळीच्या पट्ट्याला इथलं जाड पडतं असं लिंबाजी म्हणतात. मी मागवले हे कुणाला कळता कामा नये.

दुसरी ता. क. आणि दसऱ्याला येताना तिकडं शिवलेला ड्रेस घालून येऊ नकोस. दुकानात ये, गर्दी असेल तेव्हा ये, आणि अडीच मीटर कापड माग. अप्पा फाडून द्यायला लागले तर म्हण, फाडलेलं मला नको, दादानं कापलेलंच पाहिजे. लहानपणी जशी पाय आपटायचीस तशी आपट. आम्हा सगळ्यांना ते नाही म्हणतात. मी चार वेळा म्हणून बघितलं. तुला त्यांनी आजवर कशाला नाही म्हटलेलं मला आठवत नाही. कात्रीला मी तेल देऊन ठेवलंय. वाकडं कापलं तर तुझा ड्रेस वाकडा होईल, तो तू घालायचास, आणि चुकूनसुद्धा ‘असू दे’ म्हणायचं नाही. भांडायचं.

तिसरी ता. क. मी त्यांच्या हातात नुसतं रिकामं पाकीट दिलं होतं, त्यामुळं वरचं काही त्यांनी वाचलेलं नाही. पत्ता मात्र त्यांनी लिहिलाय, उजव्या हातानं. पिनकोडातला सात जरा लंगडतो. तरी हे तू वाचते आहेस म्हणजे पोस्टातल्या माणसाला तो लागला. पाकीट फाडून कचऱ्यात टाकलं असशील, तुझी सवय मला माहीत आहे. आधी ऊठ आणि ते काढून आण.