वॉकर गाडीतच राहिला

आई, तुझ्यावर चिडायला मला वीस वर्षं उशीर झाला आहे, पण आज चिडतेच. इथे परदेशात, टॅम्पिनीसच्या एका मॉलच्या तळघरात गाडी लावून बसले आहे आणि फोनवर हे लिहिते आहे. तुझी नात परस्पर येऊन वर फूड कोर्टात टेबल धरून बसली आहे, तिचे दोन मेसेज येऊन गेले. शेजारच्या सीटवर घडी घातलेला वॉकर आहे आणि समोरच्या काचेवर व्हीलचेअरचं चित्र असलेलं एक लेबल. हे लेबल असलं की लिफ्टजवळच्या रुंद जागेत गाडी लावता येते. ते मिळवताना माझ्या नाकी नऊ आले. त्यात इथल्या सरकारचा दोष थोडा होता आणि तुझा फार.

तुला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं, कारण तू होतीस तेव्हा मी धडधाकट होते. माझ्या कमरेचे आणि डाव्या मांडीचे स्नायू हळूहळू झिजत चालले आहेत. उजवा पाय अजून ऐकतो, म्हणून ऑटोमॅटिक गाडी चालवता येते, नोकरीवर एकटीला जाता येतं. पण गाडीतून उतरायचं म्हणजे दार पूर्ण उघडायला लागतं, डावा पाय हाताने उचलून बाहेर ठेवायला लागतो, मग वॉकर ओढून समोर उभा करायचा आणि त्याला धरून उठायचं. साध्या जागेत हे जमत नाही. मध्यंतरी पाया लेबार भागातल्या माझ्या ऑफिसखाली मी कडेची मोकळी जागा बघून गाडी लावली. संध्याकाळी येऊन बघते तर शेजारी कुणीतरी इतकी चिकटून गाडी लावलेली की माझं दार वीतभरही उघडेना. मी खांबाला टेकून उभी राहिले. तिथला सिक्युरिटीवाला दोनदा येऊन विचारून गेला, "मॅडम, ओके ऑर नॉट?" आणि मी दोन्ही वेळा काय सांगावं? मैत्रिणीची वाट बघतेय म्हणून! पाय थरथरत होते, घामाने अंग भिजलं होतं, आणि मी त्याच्याकडे बघून हसत होते. हे कुणी शिकवलं मला?

शेवटी नवऱ्याने निक्षून सांगितलं, की लेबलसाठी अर्ज कर नाहीतर गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे दे. किल्ल्या दिल्या की मी संपले, हे त्यालाही माहीत होतं. रोज कुणाच्या तरी सवडीने निघायचं, कुणाच्या तरी सवडीने परतायचं, आणि मग एक दिवस कशाला जायचं म्हणून नोकरीच सोडायची. म्हणून अर्ज केला. अर्ज सोपा असतो गं, सगळं ऑनलाइन. अडतं ते तपासणीपाशी. तुम्हाला खरोखर चालता येत नाही, वॉकर किंवा व्हीलचेअरशिवाय भागत नाही, हे डॉक्टरांनी बघून लिहून द्यावं लागतं.

तर तपासणीच्या दिवशी मी काय केलं असेल? नाहले, केसांचा नीट अंबाडा घातला आणि तुझी जांभळी इरकल नेसले. नवरा दारात बूट घालत होता, तो बघतच राहिला. "अगं, लग्नाला निघालीस की काय?" मी म्हटलं, डॉक्टरांकडे काय गबाळ्यासारखं जायचं? पोचल्यावर साडी वॉकरच्या चाकात अडकायला लागली, म्हणून वॉकर गाडीतच ठेवला आणि नवऱ्याचा दंड धरून आत गेले. पाठ सरळ, मान वर, तोंडभर हसू. डॉक्टरांनी विचारलं, चालायला किती त्रास होतो? म्हटलं, आय मॅनेज. जिने? हळूहळू जमतात. घरात कुणाला असं काही होतं? छे, माझी आई तर खूप खंबीर होती. ती पोस्टातली नोकरी, घर आणि तिसऱ्या मजल्याचे जिने, सगळं करायची. डॉक्टर कौतुकाने हसले. इतकी आनंदी पेशंट त्यांना त्या दिवशी दुसरी भेटली नसावी.

अर्ज नामंजूर झाला.

नवऱ्याने कपाळावर हात मारला. मी सरकारला, डॉक्टरांना आणि त्यांच्या दवाखान्यातल्या गुळगुळीत फरशीला मनसोक्त शिव्या दिल्या. मुलगी शांतपणे नूडल्स खात होती. ती म्हणाली, "मम्मा, हू आस्क यू टु ॲक्ट हेल्दी? यू वॉन्ट द लेबल ऑर यू वॉन्ट फुल मार्क्स?" मी तिच्यावर खेकसले. मग आत जाऊन बसले आणि माझ्या लक्षात आलं की मला खरंच पैकीच्या पैकी मार्क हवे होते.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तुझं आवडतं वाक्य. मावशीकडच्या मुंजीत माझा पाय मुरगळला होता आणि मी जराशी लंगडत पंगतीत ताट घेऊन निघाले, तर तू मागून येऊन दंडाला असा चिमटा काढलास की पायाचं दुखणं विसरले. "सरळ चाल. लोक बघतायत." घरी आल्यावर तूच रात्री हळद गरम करून लावलीस, पण लोकांसमोर चिमटा तो चिमटाच. तुझं दुखणं आम्हाला कधी कळलंच नाही. डॉक्टर घरी आले की तू उठून चहा टाकायचीस. ताप मोजायला आलेल्या माणसाला पोहे खाऊ घालणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आता त्या स्वयंपाकघराकडे बघते तेव्हा भलतंच दिसायला लागतं. तू ओट्यापाशी उभी आहेस. ओट्यावरून तुझा हात फ्रिजवर येतो, फ्रिजवरून दाराच्या चौकटीवर, चौकटीवरून कॉटच्या कठड्यावर. मला वाटायचं की ही जाता जाता धूळ बघते. बाजारात जाताना तू माझा दंड घट्ट धरायचीस आणि शेजारच्या काकू म्हणायच्या, मायलेकींचं काय प्रेम आहे! प्रेम होतंच, नाही म्हणत नाही. पण आई, दंडावर वळ उठायचे. परवा मी मुलीचा दंड तसाच धरला, तर ती म्हणाली, "मम्मा, यू आर नॉट होल्डिंग, यू आर हँगिंग." तिला एका मिनिटात कळलं ते मला तुझ्याबाबतीत वीस वर्षांनी कळतं आहे. सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी वेळेवर डॉक्टरांना सांगितलं असतं, आणि तुलाही मी भाजीच्या पिशव्या घेऊन तीन जिने चढायला लावलं नसतं. याचा मला भयंकर राग येतो.

पुन्हा अर्ज केला. या वेळी जुना कुडता, आणि वॉकर नवऱ्याने स्वतः माझ्या हातात दिला. तपासायला एक तरुण थेरपिस्ट मुलगी होती. माझी ताठ झालेली पाठ बघून ती हसली. "आंटी, टुडे नॉट एक्झाम, ओके? डोन्ट नीड टु पास. यू वॉक लाइक ॲट होम." आणि मला कळेना की घरी मी कशी चालते! परक्या माणसासमोर ते पाऊल पडेचना. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले आणि डोळ्यांपुढे तू आलीस, घरात कुणी पाहुणं नसतानाची. म्हटलं, हिच्यासारखं चालून दाखवू. थोडं नाटक तर नाटक.

हात टेबलाच्या कडेला गेला, तिथून भिंतीवर, भिंतीवरून दाराच्या चौकटीवर. डावा पाय फरशीवरून घासत मागून आला. कंबर एका बाजूला पडली. नाटक नव्हतं गं ते. कुणी बघत नसलं की मी रोज तशीच चालते. ती मुलगी पटकन वॉकर घेऊन पुढे आली. "ओके आंटी, इनफ ऑलरेडी, सिट." मग तिनेही तोच प्रश्न विचारला, घरात आणखी कुणी असं चालायचं का? मी म्हटलं, हो, माझी आई. तुझ्याबद्दल हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं, आणि तेही इंग्रजीत. मग मला रडू आलं. तिला वाटलं पाय दुखतोय.

लेबल आलं. आज पहिल्यांदा एकटी मॉलला आले, पहिल्यांदा या रुंद जागेत गाडी लावली. दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा आहे, दार सताड उघडतं. आणि तरी मी इथेच बसले आहे, कारण समोरच्या गाडीत एक काका सीट मागे टाकून फोनवर काहीतरी बघत पडले आहेत. ते गेले की उतरू म्हटलं. तेवढ्यात तुला लिहायला घेतलं. इतक्या खटपटीने मिळवलेलं लेबल मी गाडीत लपून बसायला वापरते आहे, हे मुलीला सांगायची माझी हिंमत नाही. तुला सांगते, तू कुणाला सांगणार नाहीस.

तिचा तिसरा मेसेज आला, जेवण गार होतंय म्हणून. हे पाठवायला तुझा नंबर कुठला, फोनमध्येच राहील. काका काही हलायला तयार नाहीत आणि मला आता बाथरूमला जायलाच हवं. उघडते दार, काढते वॉकर. तुला बघवत नसेल तर तू तोंड फिरव.