त्रिवेणीच्या खोलीचं छप्पर

तारनाका, हैदराबाद
२९ सप्टेंबर २०२४

चि. सौ. मेधास आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझं बोलणं माझ्या कानापर्यंत पोचतच नाही, नुसतं हौ हौ करून मी थकते, म्हणून हे पत्र. तुझ्या वेलांट्या चुकतात ते मी मनावर घेत नाही, पण उत्तराचा आळस चालायचा नाही.

इकडे वानरांनी परेशान केलंय. मागच्या पडवीच्या छपरावर उड्या मारून एक सिमेंटचा पत्रा फोडला. तुझे आतोबा असते तर गुलेल घेऊन बसले असते. मी दसऱ्याला सगळंच छप्पर बदलून टिनाचं टाकतेय. बाकीचे पत्रे दणकट आहेत, ते आपल्या कामाच्या त्रिवेणीला देईन. तिने घरामागे एक खोली बांधायला काढलीय. भिंती झाल्या, वर आभाळ! तिची शोभा पहिल्या बाळंतपणाला आलीय. आणि चांगली वस्तू टाकून देणं आपल्या घराण्यात कुणाला जमलंय?

अविनाशरावांना आशीर्वाद. आत्याची आठवण ठेव.

तुझी,
कुसुमआत्या


पुणे
९ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मी पुण्याबाहेर होते. पत्र आज हाती पडलं आणि वाचून धस्स झालं. आत्या, पाया पडते, थांब. ते सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतात. अविनाश कारखान्यांची सुरक्षा बघतो, त्याला विचारूनच लिहितेय. पत्रा शाबूत असेल तोवर फारसं भय नाही. फोडला, कापला, भोक पाडलं की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात, श्वासातून छातीत जाऊन बसतात आणि दुखणं कितीतरी वर्षांनी वर येतं. काढायचेच तर जाणकार माणसांनी पाणी मारत, न फोडता उतरवायचे आणि जाड प्लास्टिकमध्ये बांधायचे. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. कोरडा झाडू मुळीच नको. आणि त्रिवेणीला तर देऊच नकोस गं!

तुझ्या शेजारच्या हणमंतरावांना फोन लावतेय, ते दसऱ्याला गावी गेलेले दिसतात. हे पत्र वेळेत पोचो. रागावू नकोस, लोभ आहेच तो वाढव.

तुझी,
मेधा


तारनाका
१६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. मेधास आशीर्वाद.

तुझं पत्र दसरा उलटल्यावर आलं. काय सांगू बाई, सगळं करून बसले. गंजलेले हूक निघेनात म्हणून गड्यांनी हातोडे घातले. दोन पत्रे खोलीला लांब पडत होते, ते आपल्याच अंगणात करवतीने कापले. पांढरा धुरळा उडाला. शोभा तिथेच पायरीवर बसून त्यांचा चहा गाळत होती. मागून मी स्वतः खराट्याने अंगण लख्ख केलं. वर शहाणपणा असा, की पहिल्या पत्र्याला हळदकुंकू लावून, नारळ ठेवून तो त्रिवेणीला दिला.

पत्र वाचलं तशी तिच्याकडे धावले. हे उतरव, मी टिनाचे घालून देते म्हटलं. तिला वाटलं, दिलेलं परत मागायला आले. तोंड एवढंसं झालं तिचं. मग म्हणायली, अम्मा, तुमच्या डोक्यावर इतकी वर्षं होते, तुम्हाला काय झालं? हे कुठे टाकायचं, कोण काढून नेतं, म्हणून एका सरकारी ऑफिसात विचारायला गेले. तिथला माणूस हसला. बाजारात नवे मिळतात, उगी कशाला घाबरता, म्हणाला.

तूच सांग आता. माझं डोकं चालत नाही. तुझ्यावाचून विचारू कुणाला?

तुझी,
आत्या


पुणे
२३ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

अविनाश म्हणतो, आता घाईने उतरवू नका. पुन्हा ठोकाठोक म्हणजे पुन्हा तीच धूळ, तीही शोभाच्या डोक्यावर. भोकं पाडू नका, घासू नका. खोली ओल्या फडक्याने पुसा, फडकं झटकू नका, तसंच प्लास्टिकमध्ये बांधा. अंगणात तुकडे असतील तर तेही ओले करून बांधून ठेव. शोभाला तुझ्याकडे आणता आलं तर आण. रीतसर काढणारी माणसं आम्ही शोधतोय, पण एवढ्याशा कामाला कुणी यायला तयार नाही.

एकदा धूळ लागली म्हणून आजार होतोच असं नाही, असंही तो म्हणतो. तुला धीर द्यायला हे लिहितेय खरं, पण मलाच धीर नाही. जिवाला जप.

तुझी,
मेधा


तारनाका
२० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मेधास आशीर्वाद.

शोभा आली नाही. पहिलं बाळंतपण आईच्या घरी, मालकिणीच्या घरी झालं तर सासरचे नावं ठेवतील, म्हणाली त्रिवेणी. आणि आता बाळंतीण घरात असताना डोक्यावरचं छप्पर उघडायचं नाही, असं त्रिवेणीची सासू सांगते. ओल्या फडक्याने मात्र त्रिवेणी रोज पुसते बिचारी. माझं मन राखायला.

मुलगी झाली. काल बारसं होतं. पाळणा नव्या खोलीत, नेमका त्या कापलेल्या कडेखाली. जरा इकडे घ्या म्हटलं, तर लगेच सरकवला, पण खोलीच ती केवढी! येईल त्या बाईला त्रिवेणी कौतुकाने सांगत होती, की अम्माने छप्पर दिलं म्हणून माझी नात सावलीत जन्मली. मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. मग सगळ्यांनी मला पुढे केलं, आशीर्वाद द्यायला. मी त्या एवढ्याशा डोक्यावर हात ठेवला, खूप आयुष्य लाभो म्हटलं, आणि माझी नजर वर गेली.

पत्रे काढणारा माणूस मिळाला तर कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या