जुने इंजिन भाऊजींना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त आरेखक, माझ्या राहत्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या हृदयाची झडप दुरुस्तीपलीकडे गेली आहे असे डॉक्टर म्हणतात. डोके मात्र ठिकाणावर आहे आणि तसे त्यांनी या कागदाच्या शेवटी लिहूनही दिले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायचा प्रयत्न एकाच माणसाने केला, ते माझे धाकटे दीर, आणि त्यांना मी दारातूनच परत पाठवले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर दुसरे करण्याइतकी सवड मिळेलसे वाटत नाही, तेव्हा हेच शेवटचे समजावे.

कलम १. मला मूलबाळ नाही. माझे पती हयात नाहीत. ते का नाहीत, हे कलम ४ मध्ये येईल. मागे उरलेल्यांत वर सांगितलेले दीर, ज्यांना मी भाऊजी म्हणते, आणि त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी.

कलम २. राहते घर, म्हणजे खालचे गॅरेज आणि वरच्या दोन खोल्या, मी पुतणीला देते. बँकेतल्या पैशांतून आधी माझ्या औषधपाण्याचे भागवावे, मग कलम ५ मधले काम करावे, उरेल ते तिचे. गॅरेजमधली सगळी हत्यारेही तिचीच. लहानपणी ती आमच्याकडे आली की जिन्यावरून थेट खाली पळायची, आणि मुलीचे हात काळे होतात म्हणून भाऊजी तिला दंडाला धरून वर आणायचे. पुढे ती मोटारींची इंजिनिअर झाली, तेव्हा हेच भाऊजी गावभर सांगत सुटले की ही आवड तिला बापाकडून आली. आता त्याच गॅरेजची किल्ली तिच्या हातात पडेल. भाऊजींनी खुशाल बघावे.

कलम ३. शेजारच्या बाईंनी आमच्या ग्राइंडरच्या आवाजाबद्दल जन्मभर तक्रारी केल्या. गाडीचा जुना दुहेरी भोंगा त्यांना द्यावा. तो अजून उत्तम वाजतो. समोरच्या वेल्डरला काही देता येत नाही, कारण तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही मिळू नये असे वकील म्हणतात. वकिलाच्या नाकावर टिच्चून माझे ड्रिल मशीन मी त्याला गेल्या महिन्यातच देऊन टाकले आहे.

कलम ४. आता गाडी. हिरवी, गोल दिव्यांची, आमच्या लग्नाहून वयाने मोठी. ह्यांनी ती भंगारवाल्याकडून दोरीने ओढत आणली, तेव्हा भाऊजी नाकाला रुमाल लावून म्हणाले होते, "दादा, हे खुराडं दारात नको ठेवूस." मग ती चालायला लागली, रंग चढला, रस्त्यातले लोक वळून बघायला लागले, आणि भाऊजींच्या तोंडी ती आपल्या घराण्याची गाडी झाली. घराण्याचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. नोंदणी पहिल्यापासून माझ्या नावावर आहे.

तिचे मूळ कार्ब्युरेटर नेहमी गळायचे आणि इंजिन मनात आले तरच सुरू व्हायचे. म्हणून ह्यांनी ते काढून साधे, भरवशाचे बसवले होते. आम्ही त्या गाडीतून बाजारहाट केला, आजारी शेजारी दवाखान्यात पोचवले, कधी अडलो नाही. पण भाऊजी जुन्या गाड्यांच्या क्लबचे अध्यक्ष. 'मूळ स्वरूप' या गटात गाडी उतरवायची म्हणून त्यांनी स्पर्धेच्या आदल्या दिवशी येऊन भरवशाचे कार्ब्युरेटर उतरवले आणि मूळ चढवले. ह्यांनी हो म्हटले. धाकट्या भावाला ह्यांनी कधी नाही म्हटलेच नाही, तिथेच सगळे बिनसले. सकाळी गाडी सुरू होईना. होणार नाही हे भाऊजींना पक्के ठाऊक होते, कारण ती न्यायला ट्रक त्यांनी आधीच सांगून ठेवला होता.

गाडी ट्रकवर चढली, साखळ्या आवळून झाल्या आणि ह्यांनी छातीवर हात धरला. अंगणातल्या वेताच्या खुर्चीत बसले. सदरा घामाने चिंब.

मी म्हटले, "भाऊजी, ह्यांना ट्रकमध्ये बसवा. आधी दवाखान्यात चला."

"वहिनी, गॅस असेल. कोमट पाणी द्या. परीक्षक यायची वेळ झालीय. मी गाडी उतरवतो आणि ह्याच ट्रकने आलोच."

"अहो, त्यांच्या चेहऱ्याकडे तरी बघा!"

"आलोच म्हटलं ना!"

ते आले नाहीत. तिथे परीक्षकांनी बॉनेट उघडायला लावले, मग फोटो झाले, मग चहा झाला. रुग्णवाहिका शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. ट्रक आला की वेळ जायला नको म्हणून मी ह्यांच्या पायांत बूट घातले, नाड्या बांधल्या. शेवटी समोरचा वेल्डर लोखंडाची हातगाडी रिकामी करून धावत आला. तोवर हे गेले होते. बूट पायांतच होते.

आमच्या गाडीला त्या दिवशी पहिले बक्षीस मिळाले. ढाल भाऊजींच्या दिवाणखान्यात आहे आणि तिच्याखाली 'दादास अर्पण' अशी पितळी पट्टी आहे. मला ते म्हणाले, "तो तसाही गेलाच असता, वहिनी." मी डॉक्टरांना विचारले. वेळेवर आणले असते तर बहुतेक वाचले असते, असे ते म्हणाले. त्या 'बहुतेक'ने मला इतकी वर्षे झोपू दिलेले नाही. मी भाऊजींना क्षमा केलेली नाही आणि मरतानाही करणार नाही. हे वाचून दाखवताना कोणी आवाज खाली आणू नये.

कलम ५. सबब, या गाडीचे मूळ इंजिन काढून तिथे नवे बसवावे. मागून ठोकर बसून निकामी झालेली एक छोटी नवी गाडी मी घेऊन ठेवली आहे. तिचे इंजिन धडधाकट आहे. इंजिनासोबत तिचा गिअरबॉक्स, वायरिंग आणि कंट्रोल युनिट घ्यावे, आणि किल्ली कुलपासकट घ्यावी, कारण ओळखीची किल्ली नसेल तर नवे इंजिन सुरूच होत नाही. नव्या इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी गाडीच्या खालच्या आडव्या पट्टीला अडते, ती टाकी कापून उथळ करावी. पट्टी कापू नये. मी स्वतः गाडीखाली सतरंजी टाकून मापे घेतली आहेत आणि चित्रे काढून सोबत जोडली आहेत. इंजिन ज्यांवर बसते ते माउंट वेल्डरने चित्राप्रमाणेच करावेत, नजरेने नाही. त्याची नजर मला माहीत आहे. नवे इंजिन हलके असल्याने गाडीचे तोंड वर उचलले जाईल, तेव्हा पुढच्या स्प्रिंगा बदलाव्यात. ब्रेकही नवे घालावेत. मग वाहन नोंदणी कार्यालयात जाऊन नोंदीतला इंजिन क्रमांक बदलून घ्यावा.

हे शेवटचे वाक्य भाऊजींना झोंबेल. इंजिन क्रमांक मूळ नसलेली गाडी क्लबच्या स्पर्धेत उभी राहू शकत नाही. हा नियम त्यांनी स्वतः अध्यक्ष झाल्यावर केला आहे.

बेत कानावर गेला तसे ते सफरचंदे घेऊन आले. दारातच म्हणाले, "वहिनी, हा खून आहे खून! अशा गाडीत असलं डबडं घालायचं?" खून हा शब्द त्यांनी गाडीसाठी वापरला. मी सफरचंदे ठेवून घेतली आणि दार लावले.

कलम ६. काढलेले मूळ इंजिन, मूळ कार्ब्युरेटरसकट, भाऊजींना द्यावे. दोन्ही वेगळे करू नयेत. मूळ स्वरूपाचे त्यांना फार प्रेम आहे, तेव्हा ते पुरते त्यांच्याकडे राहू दे. सोबत अंगणातली वेताची खुर्ची आणि ह्यांचे बूटही द्यावेत. इंजिन लोखंडी स्टँडवर चढवून दिवाणखान्यात ढालीखाली ठेवावे, खुर्ची त्याच्यासमोर आणि बूट खुर्चीखाली. यातली एक वस्तू नाकारली तर तिन्ही नाकारल्या असे धरून इंजिन वेल्डरच्या दुकानात कापून भट्टीत वितळवायला द्यावे. भाऊजी ते वितळू देणार नाहीत, हे मला माहीत आहे. खुर्ची आणि बूट घरात घेतील.

ह्यांनी बसवलेले भरवशाचे कार्ब्युरेटर माझ्या उशाशी आहे. ते माझ्यासोबत जाऊ द्यावे. न देता येण्यासारखे असेल तर पुतणीने ठेवावे.

कलम ७. गाडी पुतणीला. पण हे तिला सांगितले तेव्हा ती सरळ म्हणाली, "काकू, सूड म्हणून मी इंजिनाला हात लावणार नाही. गाडी हाकेसरशी सुरू व्हावी म्हणून बसवीन."

"दोन्ही एकच आहे."

"नाही, एक नाही. माझी एक अट आहे. ती लिहा, नाहीतर दुसरा मेकॅनिक बघा."

अट ऐकून मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. माझ्याजवळ आठवडे मोजकेच आहेत, यावरून माझा राग किती ते समजावे. शेवटी मीच फोन केला. दुसऱ्या मेकॅनिकच्या हाती मी ही गाडी देणार नाही, हे ती ओळखून होती. भाऊजींच्या पोटी ही कशी आली, मला अजून कळलेले नाही.

कलम ८. तिची अट ती अशी. गाडी कायम दाराशी उभी असावी, टाकी भरलेली आणि किल्ली जिन्याजवळच्या खिळ्याला. गल्लीत कोणालाही दवाखान्यात न्यायची वेळ आली तर ती न्यावी, मग माणूस कोणीही असो. स्पर्धेला, लग्नाला, फोटोला देऊ नये.

भाऊजींचे वय झाले आहे आणि त्यांच्या छातीची तक्रार मला ऐकू आली आहे. त्यांचा फोन आला तरी हीच गाडी जावी. यात मी फक्त माझे शब्द घालते. फोनवर त्यांना गॅस असेल असे म्हणू नये. आलोच म्हणून वाट पाहायला लावू नये. त्यांना मागच्या सीटवर, त्या दिवशी ह्यांना जिथे बसवता आले असते तिथे बसवावे, आणि किल्ली फिरवण्याआधी काच खाली करावी, म्हणजे गाडी पहिल्या झटक्यात सुरू झालेली त्यांना नीट ऐकू येईल. मग त्यांना वाचवावे.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले. काही खोडायचे नाही.

सही : मृत्युपत्र करणारी
स्थळ : राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक : सतरा ऑक्टोबर

साक्षीदार पहिला, कुटुंबाचे डॉक्टर : बाईंना मी आज तपासले. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. सही माझ्यासमोर केली.

साक्षीदार दुसरा, समोरचा वेल्डर : सही माझ्यासमोर केली. हातगाडी मीच आणली होती, ते सगळे खरे आहे. माउंट चित्राप्रमाणे करीन.