रविवारी कुठे उभं राहायचं

प्रिय चिरंजीव,

मी 'चिरंजीव' लिहिलं की पुढे काय येतं ते तुला शाळेपासून ठाऊक आहे, तेव्हा आधी पाणी पिऊन ये. मधे एकच जिना असताना आईने पत्र कशाला लिहावं, असं तुला वाटेल. समोर बसून बोलले असते तर दुसऱ्या वाक्याला तू उत्तर दिलं असतंस, तिसऱ्याला माझा आवाज चढला असता आणि चौथ्याला सूनबाईने उठून चहा टाकला असता. कागदाला मधेच तोडता येत नाही. म्हणून हे तुझ्या सरावाला मैदानावर मांडायच्या त्या नारिंगी कोनांच्या पिशवीत ठेवते आहे. घरातली तेवढीच एक वस्तू तू न चुकता रोज उघडतोस.

गेल्या रविवारी मी तू शिकवतोस त्या फुटबॉलच्या टीमला घेऊन मॅच खेळून आले, तेव्हा तू दारातच उभा होतास. लेकीच्या, भिंगरीच्या, खांद्यावरची बॅग घेतली नाहीस, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली नाहीस. "किती?" एवढंच. "दोन-एक, हरलो," असं मी म्हटल्यावर तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नीट पाहिलं. वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. पण त्याच्या खाली थोडं समाधानही होतं. "बघितलंस? मी नसलो की हे असं होतं." मग भिंगरीकडे वळलास. "मागे पास दिलास ना? शंभरदा सांगितलंय, मागे द्यायचा नाही!" ती बूट काढून आत गेली. बाथरूममध्ये जाऊन मोजे धूत बसली. अकरा वर्षांची पोर कुणी न सांगता मोजे धुते, म्हणजे तिला कुठेतरी दार लावून बसायचं होतं. तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे आणि आज शुक्रवार आहे.

त्या दिवशी तू घरी का होतास, याचीही आठवण करून देते, कारण तू तो विषय 'रेफरीचा आगाऊपणा' या नावाखाली मिटवून टाकला आहेस. ती रेफरी कॉलेजात जाणारी मुलगी आहे. आधीच्या मॅचला तिने तुला दोनदा येऊन सांगितलं की सर, जरा कमी बोला. तिसऱ्या वेळी तू रेषा ओलांडून सरळ आत गेलास, खेळ चालू असताना, आणि भिंगरीला दोन्ही खांद्यांना धरून कपाट सरकवावं तशी डावीकडे वळवलीस. बॉल तिच्या पाठीमागून निघून गेला. समोरच्या टीमच्या मुलीसुद्धा हसल्या. त्या रेफरीने शिट्टी वाजवली आणि अतिशय सभ्यपणे तुला कुंपणाबाहेर काढलं. मी कॉन्व्हेंटात वाढलेली बाई, मॅनर्स कशाला म्हणतात ते मला कळतं. तिचे होते. तुझे नव्हते. मग तुला एका मॅचची बंदी झाली. बाकावर कुणीतरी मोठं माणूस बसलंच पाहिजे असा नियम, तर एका बापाची कंबर धरली, एका आईकडे पाहुणे आले, आणि शेवटी माझं नाव कागदावर चढलं.

त्याआधीच्या मॅचला मी प्रेक्षकांत बसून एक उद्योग केला होता, तोही सांगून टाकते. हातात विणकाम नव्हतं, म्हणून टाके मोजावेत तशा तुझ्या सूचना मोजल्या. पहिल्या पंचवीस मिनिटांत एकशे एकेचाळीस. पुढे! मागे नको! मोकळी हो! चिकटून राहा! थांब! अगं पळ! त्यात 'शाब्बास' चार वेळा, त्यातलं एक समोरच्या गोलकीपरला. तुझ्या मागे तो दाढीवाला बाप "मार, मार!" म्हणून ओरडत होता आणि तू "थांब, थांब!" म्हणून. त्या पोरींनी नेमकं काय करायचं होतं, हवेत तरंगायचं? आणि एक गोष्ट मला तेव्हाच खटकली. भिंगरीकडे बॉल आला की ती आधी मान वळवायची. बॉलकडे नाही, तुझ्याकडे. तेवढ्या वेळात समोरची पोरगी बॉल घेऊन पसार. मग तू ओरडायचास, "लक्ष कुठे आहे?" अरे बाबा, तुझ्याकडेच होतं की.

आता गेल्या रविवारचं ऐक. तुला दोन-एक एवढंच माहीत आहे.

पहिली पंधरा मिनिटं नऊच्या नऊ पोरी बाकाकडे बघत होत्या. मी तिथे पर्स मांडीवर घेऊन बसलेली. मला तो ऑफसाइड अजून कळलेला नाही, मी काय सांगणार? भिंगरीकडे बॉल आला, तिने मान वळवली, तिला आजी दिसली, बॉल गेला, गोल झाला. हाफटाइमला सगळ्या माझ्याभोवती जमल्या. "आजी, काय करायचं आता?" मी म्हटलं, "संत्री खा. खेळ तुमचा आहे, तुम्ही ठरवा, मी सालं गोळा करते." सगळ्यांनी फोडी उचलल्या. मग ती गोलकीपर आहे ना, चष्मेवाली, जी तुझ्यासमोर तोंड उघडत नाही, ती भिंगरीला म्हणाली, "तू सारखी बाहेर काय बघतेस गं? मी मागे आहे ना. अडलीस तर मला दे." भिंगरी म्हणाली, "मागे द्यायचा नसतो." चष्मेवाली म्हणाली, "कोण म्हणतं?" कोण म्हणतं ते दोघींना माहीत होतं. मग तोंडभर संत्री घेऊन सगळ्या एकदम बोलायला लागल्या. ते भांडण होतं की मीटिंग, मला सांगता येणार नाही, पण त्यातला एकही शब्द माझा नव्हता.

हाफटाइमनंतर मैदानावर आवाज होता तो त्यांचा. "डावीकडे एक आहे!" "मी आहे, मी आहे!" चष्मेवालीचा आवाज तर एवढा निघाला की तिची आईच दचकली. आणि मग भिंगरीकडे बॉल आला. दोघी अंगावर धावून येत होत्या. तिने बॉलवर पाय ठेवला आणि मान वर केली. बाकाकडे वळवली नाही, वर केली, आणि सगळं मैदान बघितलं. मग बॉल शांतपणे मागे दिला. चष्मेवालीने तो लांब उडवला, पलीकडे ती उंच पोर, जिला सगळ्या शिडी म्हणतात, एकटीच उभी होती. गोल. मी उभी राहिले तेव्हा मांडीवरची सालं सगळी गवतावर पडली.

आणि हो, शेवटच्या मिनिटाला तिने तोच पास पुन्हा दिला, तो हळू गेला, समोरचीने मधेच पकडला आणि आम्ही हरलो. चूक तिचीच. पण बसमध्ये ती मला काय म्हणाली ते ऐक, कारण तू तिला विचारलं नाहीस. "आजी, पहिल्यांदा मी बघून दिला. दुसऱ्यांदा न बघताच दिला. मला वाटलं, एकदा जमलं म्हणजे जमलं." डोळे कोरडे होते. खिडकीच्या काचेवर बोटाने चौकोन काढून मला दाखवत होती, कोण कुठे होती आणि बॉल कुठे द्यायला हवा होता. अरे, तू दोन वर्षं घसा कोरडा करून जे शिकवू शकला नाहीस, ते ती एका चुकीत शिकून आली होती. आणि दारात तू तिला सांगितलंस की मागे द्यायचाच नाही.

माझा शिस्तीला विरोध नाही. मी नन्सच्या हाताखाली शिकले, चमचा कसा धरायचा इथपासून वाक्य कुठे थांबवायचं इथपर्यंत सगळं ऐकून घेतलेलं आहे. शिकवूच नये असं मी म्हणत नाही. बुधवारी आणि शुक्रवारी सरावाला तू हवं तेवढं शिकव, तिथे तू चांगला आहेस, मी गच्चीतून बघते. हाफटाइमला दोन गोष्टी सांग. कुणाची लेस सुटली, कुणी पडलं, तर ओरड. कुणी छान खेळलं तर टाळी वाजव, टाळीला कुणाची ना नाही. पण बॉल पायाशी असताना कानात शब्द ओतू नकोस. शब्द पोचेपर्यंत बॉल गेलेला असतो, आणि जी ऐकत असते ती बघत नसते. हे मी फुटबॉलमधून शिकले नाही. एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली त्यातून शिकले. बोलायचं ते गाडी सुरू करण्याआधी, नाहीतर कडेला थांबवून. रस्त्यावर फार तर एक शब्द, तोही आधी शिकवलेला.

इथे तू हसशील. म्हणशील, एवढी मोठी शिक्षिका आणि हिच्या पोटच्या पोराला गाडी येत नाही. घरातला हा जुना विनोद आहे आणि तो बहुतेक वेळा मीच केला आहे. सूनबाई चालवते, तू शेजारी डोळे मिटून बसतोस आणि मी मागून म्हणते, त्याचं लक्षच नसतं हो, पहिल्यापासून. आज तो विनोद मी मागे घेते आहे. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तो तुला आठवत असेल. परक्या माणसांच्या बाबतीत मी तो महिन्यातून एखाद्या वेळी दाबला असेन. तू एकोणीस वर्षांचा होतास, माझा होतास, आणि मला भीती वाटायची. तुला समोरचं दिसण्याआधी माझा पाय दाबलेला असायचा. सगळ्या शिकवण्यांत तू एकदासुद्धा स्वतः गाडी थांबवली नाहीस, कारण ती नेहमी थांबलेलीच असायची. परीक्षेच्या दिवशी शेजारी परीक्षक होता, गाडी साधी, एकाच ब्रेकची होती, आणि तू त्या खांबाला जाऊन टेकलास. तू घरी येऊन दोन दिवस जेवला नाहीस आणि परत कधी स्टिअरिंगला हात लावला नाहीस. दुसऱ्या दिवशी तो परीक्षक मला भेटला होता, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तो म्हणाला, "मॅडम, तुमचा मुलगा ब्रेक शोधत नव्हता. तो तुम्हाला शोधत होता." मला त्याचा इतका राग आला की मी वर्षभर त्याच्याशी बोलले नाही. आणि लोकांना सांगत राहिले, पोराचं लक्ष नसतं. तेवीस वर्षं सांगितलं. ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला माहीत होतं. माफी मागायला उशीर झाला आहे, पण मागते आहे. तुझं लक्ष होतं. ते मीच दुसरीकडे वळवलं.

हे सगळं मी आज लिहिलं नसतंही. कुणाला आपल्या चुका असल्या सुबक अक्षरात लिहून द्यायला आवडतात? पण काल संध्याकाळी भिंगरी वर आली. माझ्या पलंगाच्या काठावर बसली, केसांचं रबर काढून बोटाला गुंडाळत राहिली, आणि म्हणाली, "आजी, बाबाला सांगशील का, या रविवारी येऊ नको म्हणून? रागावून नको सांगूस. तो आला की मला तोच दिसतो, बॉल दिसत नाही." मग लगेच म्हणाली, "पण त्याला वाईट वाटेल, ना?" मी म्हटलं, वाटेल. ती म्हणाली, "मग राहू दे." आणि खाली गेली. ते 'राहू दे' काही मला राहू देता येईना. तुझी बंदी संपली आहे, रविवारी तू जाणार, तुला कुणी अडवणार नाही, आणि मीही 'जाऊ नकोस' म्हणून सांगणार नाही. तुझं आयुष्य मी पुरेसं चालवलं. एवढंच कर. हे वाचून झालं की तिच्या खोलीत जा, खाली जमिनीवर बस, आणि तिलाच विचार की रविवारी मी कुठे उभा राहू. ती रेषेजवळ म्हणाली तर तिथे, झाडाखाली म्हणाली तर झाडाखाली, घरी म्हणाली तर घरी, आणि मग संध्याकाळी 'किती' न विचारता 'कशी' विचार. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही. तिने काय उत्तर द्यावं, ते मी तिला शिकवलेलं नाही.

या वेळी पाय आवरून बसलेली,
तुझीच
आई