खाट कुठे ठेवायची

भवानी पेठ, पुणे
१० सप्टेंबर २०२४

ती. अब्बांस,
सुमय्याचा सलाम. वि. वि.

फोन सोडून मी पत्र लिहायला बसले, म्हणून घाबरू नका. तब्येती सगळ्यांच्या ठीक आहेत. पण दोन खोल्यांत आम्ही चार माणसं. इथे फोनवर बोललेलं चौघांनाही ऐकू जातं, आणि गॅलरीत जाऊन बोललं तर शेजाऱ्यांनाही. परवा मी नुसतं हो-हो करत होते ते म्हणूनच.

माझ्या धाकट्या दिराचं, एजाजचं, लग्न फेब्रुवारीत आहे. आतली खोली नव्या जोडप्याला द्यायची, असं खालिदने सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. मोठेपणा छान झाला. पण त्याआधी आम्हा दोघांना घर शोधायला हवं. बँक देईल तेवढ्या कर्जात पुण्यात जे घर मिळतं, ते पुण्यात नसतं. रविवारी लोणी काळभोरला एक पाहिलं. जाहिरातीत लिहिलं होतं, शहरापासून पंधरा मिनिटं. कुठल्या शहरापासून, ते विचारायचं राहिलं.

त्यात माझ्या सासूबाई. अम्मीजानना कुणी बोलावत नाही, पण घर बघायला निघालो की पहिली चप्पल त्यांच्याच पायात असते. आणि प्रत्येक घरात खोट! लोणीच्या हॉलला भिंतच नाही म्हणाल्या. चारी बाजूंना भिंती होत्या, अब्बा, मी मोजून आले.

उत्तर माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवा. लोभ आहेच, त्याला तरी जागा लागत नाही, तेव्हा वाढवायला हरकत नाही.

आपली,
सुमय्या

---

सासवड
१४ सप्टेंबर २०२४

चि. सुमय्या हिस अनेक दुआ.

पत्र मिळालं. अक्षर सुधारलेलं नाही. जन्मभर मुलांना पत्रलेखन शिकवलं, तेही गुणांसाठी. खरं पत्र लिहिणारी एकच निघाली, आणि ती अडचणीत आल्यावर.

घर दोनदा बघावं. एकदा एजंटाबरोबर, आणि एकदा मधल्या वारी, एजंटाला न सांगता. कपडे वाळत घालणारी एखादी बाई दिसली की तिला पाण्याचं विचार. टँकर किती येतात, ते ती न विचारताही सांगेल.

इथलं घर रिकामं पडलं आहे. पण रोज घाट उतरून कॅम्पातल्या शाळेत जाणं तुला झेपणार नाही, म्हणून मी काही सुचवत नाही. सुचवावंसं मात्र रोज वाटतं.

विहीणबाईंवर चिडू नकोस. ज्याला घेणंदेणं नसतं, तो माणूस सगळ्याच घरांना छान म्हणून मोकळा होतो. त्या जिना चढून येतात, गुडघे दुखत असताना येतात. का येतात, याचा जरा विचार कर.

पुढचं पत्र लवकर येऊ दे, आणि रेघा मारलेल्या कागदावर.

तुझे,
अब्बा

---

भवानी पेठ, पुणे
८ ऑक्टोबर २०२४

ती. अब्बांस,
सलाम. वि. वि.

कागद रेघांचा आहे, बघून घ्या. बाकी काहीच सरळ चाललेलं नाही.

लोणीला तुम्ही सांगितलंत तशी बुधवारी गेले. बाई भेटली, टँकरचंही कळलं. ते घर सुटलं. एका सोसायटीतला फ्लॅट फोनवर रिकामा होता, पण माझं पूर्ण नाव सांगितल्यावर तो तेवढ्यात विकला गेला. पुण्यात घरं फार लवकर विकली जातात, अब्बा.

आता कात्रजच्या पुढे, टेकडीच्या अंगाला एक घर आहे. स्वस्त आहे, फारच स्वस्त. नकाशा मंजूर आहे का विचारलं, तर एजंट म्हणाला, होऊन जाईल. बँक त्यावर कर्ज देत नाही, म्हणून खालिद माझे दागिने आणि त्याचा फंड घालायचं म्हणतोय. तोही कंटाळलाय. दिवसभर नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांचे हिशेब करतो, आणि घरी आला की आमचे. येत्या वीस तारखेला टोकन द्यायचं ठरलंय.

आणि अम्मीजान त्या घरात वर आल्याच नाहीत. खालीच जिन्याशी वाळूच्या ढिगाजवळ बसून राहिल्या. खालिद खूप चिडला. माझ्या मनात आलं ते तुम्हालाच सांगते: आम्ही कुठेच जायला नको आहोत त्यांना. आम्ही गेलो की हुकूम सोडायला माणसं कमी होतील ना!

मला भीती वाटते. टोकन दिलं तर सगळं बुडेल याची, आणि नाही दिलं तर फेब्रुवारीत आम्ही जाणार कुठे याची. वर्गात मुलं कविता म्हणतात आणि मी फळ्यावर हप्ते मांडत असते. लवकर लिहा.

आपली,
सुमय्या

---

पुणे
१० ऑक्टोबर २०२४

हमीदभाई यांना रझियाचा सलाम.

पत्र बघून नवल वाटेल. पत्ता सुमय्याच्या लग्नपत्रिकेवरून घेतला. ती मी जपून ठेवली आहे. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. घरात बोलायची सोय नाही, म्हणून लिहिते.

सगळे धरून चालले आहेत की मी इथेच राहणार. मला कुणी विचारलं नाही. बाहेरच्या खोलीत दाराशी माझी खाट आहे. आतली खोली आधी सासूसासऱ्यांची होती, मग मुलांच्या अभ्यासाची, मग खालिद-सुमय्याची. आता ती मेहजबीनला द्यायची, ते बरोबरच आहे. पण नवी मुलगी घरात वावरणार, आणि मी येता-जाता दाराशी पडलेली. तिलाही अवघड आणि मलाही.

मला सुमय्याबरोबर जायचं आहे. ती माझ्याशी भांडते, पण चहा माझ्यासाठी वेगळा करते, बिनसाखरेचा. एजाजला हे कसं सांगू? त्याला वाटेल, आईने टाकलं. खालिदला सांगितलं तर तो नाही म्हणणार नाही, पण एका खोलीचा खर्च वाढेल आणि त्याची झोप उडेल.

म्हणून प्रत्येक घरात मी बघते, माझी खाट कुठे राहील. लोणीच्या हॉलला जिथे भिंत तिथे दार, नाहीतर खिडकी. कात्रजच्या जिन्याला कठडाच नव्हता. एकदा वर गेले असते तरी परत उतरले नसते.

भीती वाटते, हमीदभाई. एक दिवस ते घर पसंत करतील, त्यात माझी खाट मावणार नाही, आणि मला मुबारक म्हणावं लागेल.

उत्तर पाठवू नका. पोस्टमन खालून नाव घेऊन ओरडतो. तब्येतीला जपा, आणि आमच्यावर मर्जी असू द्या.

रझिया

---

सासवड
१३ ऑक्टोबर २०२४

चि. सुमय्या हिस दुआ.

दोनच गोष्टी सांगतो, नीट वाच.

पहिली. कात्रजला टोकन द्यायचं नाही. ज्या घराला बँक पैसे द्यायला धजत नाही, त्याला तुझे दागिने कशाला? वीस तारखेला मी स्वतः येतो. खालिदशी मी बोलेन, तू मध्ये पडू नकोस. तो चांगला मुलगा आहे, नुसता दमलाय.

दुसरी. यापुढे घर बघायला जाल तेव्हा विहीणबाईंना घर आवडलं का, असं विचारू नकोस. त्यांची खाट कुठे ठेवायची, ते विचार. हे मला कसं कळलं म्हणू नकोस; मास्तरला मागच्या बाकावरचंही ऐकू येतं.

काळजी मलाही लागली आहे. पण ती मी माझ्यापुरती करतो; तू तुझी कर, आणि जेवत जा.

तुझे,
अब्बा

---

विश्रांतवाडी, पुणे
१९ जानेवारी २०२५

ती. अब्बांस,
नव्या घरातून सलाम. वि. वि.

तुम्ही येऊन कात्रजचं टोकन थांबवलंत, पण तुम्ही दिलेला प्रश्न मला पुढे महिनाभर विचारता आला नाही. आमच्या घरात तो विचारायला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर उत्तराची भीती वाटत होती.

नोव्हेंबरच्या शेवटी हे घर बघायला आलो. जुनी इमारत, पहिला मजला, पार्किंग नाही, आणि डोक्यावरून विमानं. म्हणून बाकीचे बघून परत जायचे, आणि म्हणूनच ते आम्हाला परवडणार होतं. कागदपत्रं बँकेने आधीच तपासली होती. खालिद एजंटाशी बोलत होता, एजाज जिन्यात उभा होता. मी हळूच अम्मीजानना विचारलं, तुमची खाट कुठे ठेवायची. तेवढ्यात विमान आलं. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं, ओरडून. विमान गेलं आणि माझा आवाज तेवढा मागे राहिला. खालिदने ऐकलं, एजाजने ऐकलं, खालच्या मजल्यावरच्या बाईंनीही ऐकलं असेल.

मागे सामान ठेवायची छोटी खोली आहे, अम्मीजान सरळ तिच्यात गेल्या. ओढणी काढून भिंतीला लांब धरली, अंतर मापलं, आणि तिथेच खाली बसून रडायला लागल्या. मग सगळं बाहेर आलं. अब्बा, मी त्यांना काय काय समजत होते! मीही त्यांच्याजवळ बसले आणि रडले. एजंटाला वाटलं, सौदा मोडला.

एजाजला लागलं असणार. तो एवढंच म्हणाला की खाट जुनी आहे, जिन्याच्या वळणावर अडेल. सामान आणलं त्या दिवशी खाटेचं एक टोक त्यानेच धरलं होतं, आणि ती अडली नाही. आता शुक्रवारी नमाज झाली की इथेच जेवायचं, असं त्याने ठरवून टाकलंय. मेहजबीनलाही कळवलंय म्हणे.

हप्ता मोठा आहे. खालिद अजून दचकून उठतो. पण आता आम्ही दार लावून भांडू शकतो, आणि काल भांडलोही. तुम्हालाही काल दार लावूनच फोन केला होता, पण इतकं मोकळं बोलायची सवय नाही; काही सुचेचना. म्हणून हे पत्र.

अम्मीजाननी घरात एकच गोष्ट मागून घेतली. त्यांच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती, ती सुताराकडून बसवून घेतली. पितळी आहे, रोज सकाळी ओढणीच्या टोकाने पुसतात. अजून एकदाही घातलेली नाही.

लोभ आहेच. आता त्याला जागाही आहे. या आणि राहा.

आपली,
सुमय्या